हमिदाचाचीचं फिटिंग

लग्न होऊन जयसिंगपूरहून कोल्हापुरात आल्यावर पहिल्या महिन्याभरात मी एका परक्या बाईच्या घरी शेरभर मिरच्या कांडल्या, दोन कळश्या पाणी भरलं, तिच्या नवऱ्याचे सदरे तारेवर वाळत घातले आणि वर तिचेच आभार मानून घरी आले. सासरी कुणाला सांगितलं असतं तर मला वेड्यातच काढलं असतं. पण आमच्या गल्लीतल्या निम्म्या बायकांनी कधी ना कधी त्या घरात मिरच्या कांडल्या होत्या आणि त्यांतली एकही त्याबद्दल चारचौघांत बोलत नव्हती. बोलायचं तर आपण तिथे कशाला गेलो होतो, हे आधी सांगावं लागलं असतं.

हमिदाचाची बॉड्या, म्हणजे आजच्या भाषेत ब्रा, शिवायची. सदुसष्ट-अडुसष्ट सालची गोष्ट. 'बॉडी' हा शब्दसुद्धा तेव्हा बायका आवाज उतरवून उच्चारायच्या. महाद्वार रोडला तयार बॉड्या मिळत, नाही असं नाही. पण काउंटरमागे पुरुष. तो पुठ्ठ्याचा डबा पुढ्यात ओढून, सगळ्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात "साईज?" म्हणून विचारायचा आणि बाई घाबरून तोंडाला येईल तो आकडा सांगून मोकळी व्हायची. निम्मं कोल्हापूर असं तोंडाला आलेला आकडा अंगात घालून वावरत होतं. उरलेलं निम्मं हमिदाचाचीकडे जायचं.

चाची बुटकी, रुंद, नाकात चमकी, आणि ओठांत कायम दोन-तीन टाचण्या. टाचण्या तशाच धरून ती बोलायची, हसायची, नवऱ्याला हाका मारायची. कोल्हापूरच्या पुष्कळ बायका स्वतःविषयी बोलताना 'मी येतो, मी करतो' म्हणतात, तशी तीही म्हणायची, आणि तिच्या तोंडी ते शोभायचं. तिचे वडील घोड्यांची खोगिरं शिवायचे. संस्थानाच्या काळात त्यांना कामाला तोटा नव्हता. पुढे संस्थान गेलं, घोडे गेले, वडीलही गेले, आणि मागे राहिलं ते त्यांनी शेवटचं शिवलेलं एक खोगीर. ज्याच्यासाठी शिवलं तो न्यायला आलाच नाही. ते चाचीच्या माजघरात भिंतीवर टांगलेलं असे. दोन्ही बाजू टच्च फुगलेल्या, कातडं तेल पाजून पाजून काळंभोर झालेलं. दर शुक्रवारी ती ते खाली काढून पुसायची आणि दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही. उस्मानचाचांनी, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, एकदा त्याच्यावर आपली टोपी अडकवली म्हणून दोन दिवस त्यांना चहा मिळाला नव्हता.

"बापाकडनंच शिकलो सगळं," ती म्हणायची. "घोड्याला खोगीर लागलं तर घोडं लाथ मारतंय, चावतंय, आडवं पडतंय. कळतंय माणसाला. बायकास्नी लागलं तर गप ऱ्हात्यात. म्हणून बायकांचं काम अवघड."

मी पहिल्यांदा गेले ती शेजारणीच्या ओळखीनं. दारात टांगा सोडलेला, घोडा चारा खातोय आणि उस्मानचाचा दाराकडे पाठ करून पायरीवर बसलेले. आत बायका असल्या की ते असे बसत. कुणी पुरुष आलाच तर म्हणत, "पावणं, आत मिरच्या कांडायल्यात. डोळं झोंबतील. जावा." आणि ते अजिबात खोटं नसे.

चाचीनं दोऱ्याला गाठी मारून माझी मापं घेतली. चार दिवसांनी परत बोलावलं. कच्चे टाके घातलेली मांजरपाटाची बॉडी घालून, वर माझंच पोलकं चढवून मी आरशासमोर उभी राहिले. बटणं पुढून होती. दुकानातल्या बॉड्यांची मागे असतात, असं मी भीत भीत म्हटलं, तर चाची म्हणाली, "पाठीला डोळं हायत व्हय तुला?"

"बसलीय की छान," मी आरशात बघत म्हणाले.

"आरशाला काय कळतंय? तू दिवसभर आरशापुढं उभी ऱ्हाणार हाईस काय? उभ्या घोड्यावर कुठलंबी खोगीर बसतंय. पळवल्यावर कळतंय." आणि तिनं कोपऱ्यातल्या उखळाकडे बोट दाखवलं.

मला वाटलं ती चेष्टा करतेय. ती करत नव्हती. मी मुसळ उचललं. दहा घाव घातले असतील नसतील. चाची समोर उकिडवी बसून मिरच्यांकडे नाही, माझ्या काखेकडे बघत होती. "थांब. डावीकडनं वर चढतीया." टाचणी. पुन्हा दहा घाव. मग कळशी भरून आणायची, मग उंच तारेवर टाचा वर करून सदरे वाळत घालायचे. एवढं होईपर्यंत मिरचीची धूळ नाकात गेलेली असायची आणि शिंका सुरू व्हायच्या. चाची त्याचीच वाट बघत असे. "शिंकताना जी उसवत न्हाय, ती बॉडी," हे तिचं शेवटचं प्रमाणपत्र. चार खेपांत माझी बॉडी तयार झाली आणि चाचीची वर्षाची कांदा-लसूण चटणी. ती बॉडी मात्र अशी बसली की अंगात आहे हेच विसरायला व्हायचं.

माझ्या सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणायचो. उंच, खणखणीत, पाच घरांपलीकडे आवाज जाणाऱ्या. त्या जन्मभर चोळी घालत आल्या होत्या आणि बॉडी हे त्यांच्या मते साहेबाचं खूळ होतं. चाचीविषयी त्यांचं मत ठाम होतं. "ती हमिदा लबाड हाय. शिलाई घेती ती घेती, वर घरातलं काम करून घेती. आनि तुम्ही शिकलेल्या पोरी जाऊन कांडत बसता." चाची गल्लीतून जाताना त्या मुद्दाम जरा वरच्या पट्टीत बोलायच्या.

शंका मलाही होतीच. एकदा मी सरळ विचारलं, "चाची, खरं सांगा. हे फिटिंग आहे की घरकाम?"

तिनं टाचण्या तोंडातून काढल्या. हे ती क्वचित करायची. "दोन्हीबी," ती म्हणाली. "तुझं नुकसान झालं? न्हाय. माझं झालं? न्हाय. मग झालं तर." आणि टाचण्या परत तोंडात.

न कांडता बॉडी घेऊन गेलेली मला आठवते ती एकच बाई, आमच्या गल्लीच्या तोंडाशी राहणाऱ्या वकीलीणबाई. त्या सिनेमाच्या मासिकातलं एका नटीचं चित्र कापून घेऊन आल्या. तेव्हा पुढे टोक काढलेल्या बॉड्यांची टूम निघाली होती, तशी त्यांना हवी होती. चाचीनं चित्र उलटंसुलटं करून बघितलं. "ही बाई भाकरी कशी थापत असंल?" एवढंच तिनं विचारलं. पण कामाला ती नाही म्हणायची नाही. मांजरपाटाला खळ लावून, गोल गोल शिलाई मारत तिनं दोन टोकं उभी केली. फिटिंगला वकीलीणबाई म्हणाल्या, "मी मिरच्या कांडत नाही. आमच्याकडे बाई आहे."

"पाणी?"

"नळ आहे."

"मग माझी जिम्मेदारी न्हाय," चाची म्हणाली आणि बॉडी कागदात गुंडाळून दिली.

पुढच्याच महिन्यात महिला मंडळाचं हळदीकुंकू होतं. वकीलीणबाई अध्यक्ष. इचलकरंजीहून आलेल्या पाहुण्या बाईंनी त्यांना कडकडून मिठी मारली आणि त्या मिठीत डाव्या बाजूचं टोक आत गेलं ते आतच राहिलं. खळ लावलेलं कापड ते, बाहेर कशाला येतंय. तशाच त्या उठून अर्धा तास स्त्रियांच्या प्रगतीवर बोलल्या. एक टोक सभेकडे, एक त्यांच्या स्वतःकडे. पहिल्या रांगेतून चाची बिचारी आपल्या छातीवर हात ठेवून त्यांना खुणा करत होती. वकीलीणबाईंना वाटलं, भाषण हिच्या काळजाला भिडलंय. त्यांनी तिला वाकून नमस्कार केला.

सगळ्यांत जास्त हसल्या त्या आत्याबाई. इतक्या की त्यांना धरून बाहेर न्यावं लागलं. पुढचे कित्येक महिने कुणी पाहुणे आले की तो प्रसंग त्या उभं राहून करून दाखवत. चाची हसली नाही. "माझं काम हसण्यावारी गेलं," ती म्हणाली. त्यानंतर लाटसाहेबाची बायको आली असती तरी तिला कांडल्याशिवाय बॉडी मिळाली नसती.

चाचीचं दुसरं वेड म्हणजे ऊन. त्या काळी झाडून सगळ्या बायका बॉडी वाळत घालायच्या ती लुगड्याच्या किंवा टॉवेलच्या खाली लपवून. ती धड वाळायची नाही, कुबट वास मारायची, अंगाला चट्टे उठायचे. चाची मात्र आपल्या बॉड्या पुढच्या अंगणात, रस्त्यासमोर, एकापुढे एक तारेवर घालायची. "चोरून आनल्यात काय मी?" ती विचारायची. आत्याबाईंना रस्त्यानं त्या तारेसमोरून जाणं नको व्हायचं. त्या पदर कपाळावर ओढून, भलतीकडेच बघत पुढे जायच्या. आमच्या घरात असली वस्तू चुलीमागे, घडी घातलेल्या लुगड्याखाली वाळायची, आणि मीही तशीच घालायचे. सासूपुढे कुठली हिंमत.

हे सगळं असं हसतखेळत चाललं होतं आणि मग आत्याबाईंच्या छातीत गाठ निघाली. मिरजेला ऑपरेशन झालं. डावी बाजू पूर्ण काढावी लागली. जीव वाचला म्हणून आम्ही देवीला नारळ फोडला.

पण घरी परत आल्या त्या आत्याबाई आमच्या नव्हत्याच. पाच घरांपलीकडे जाणारा आवाज पार बसला. दोन्ही खांद्यांवरून पदर लपेटून त्या आतल्या खोलीत बसून राहायच्या. डॉक्टरांनी डावा हात रोज भिंतीवरून बोटभर वर न्यायला सांगितला होता. त्या न्यायच्या नाहीत. हात अंगाला चिकटवून ठेवायच्या. वैशाखात माझ्या नणंदेचं, शालूचं लग्न ठरलेलं होतं. दोन महिने राहिले असतील, तेव्हा एके दुपारी त्यांनी मला जवळ बोलावलं.

"व्याहीभेटीला तू उभी ऱ्हा," त्या म्हणाल्या. "मी आतच बसतो."

"असं कसं, आत्याबाई? आई तुम्ही."

"विहीण गळ्यात पडणार. तिला कळल्याबिगर ऱ्हाईल? आनि भोवतीनं सगळ्या बायका. वकीलीणीला मी किती हसलो, तुला ठावं हाय की." एवढं बोलून त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

शालू ऐकत होती. आई मांडवात नसेल तर मी बोहल्यावर चढत नाही, म्हणून तिनं रडून घर डोक्यावर घेतलं. आत्याबाईंनी तोंड फिरवलं नाही. एरवी आरडाओरड करून घर हलवणारी बाई तशी पाठ करून पडलेली मला बघवेना. मी चपला घातल्या आणि हमिदाचाचीकडे गेले.

तिनं सगळं ऐकून घेतलं. तोंडातल्या टाचण्या एकेक काढून उशीला टोचल्या. "उद्या येतो," ती म्हणाली. "तू मिरच्या आणून ठेव."

"त्या कांडणार नाहीत, चाची."

"तू आण की."

दुसऱ्या दिवशी ती आली. आत्याबाईंनी तिला बघितलं आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांचा आवाज जरा चढला. "कशाला आलीस? हसायला?"

"न्हाय," चाची म्हणाली. "काम करून घ्यायला. लबाड हाय की न्हवं मी."

म्हणजे इतकी वर्षं ऐकलेलं सगळं तिच्या ध्यानात होतं. चाचीनं मला बाहेर घालवून दार लावलं आणि मी दाराकडे पाठ करून उंबऱ्याबाहेर बसले, उस्मानचाचांसारखी. थोड्या वेळानं आतून चाची म्हणाल्याचं ऐकू आलं, "टाकं चांगलं घातल्यात डाक्टरनं. मी असतो तर जरा तिरकं घातलं असतं." त्यावर आत्याबाईंचं एक "हं". पण ते "हं" ऐकून मला बरं वाटलं.

रिकाम्या बाजूला भरायला चाचीनं आधी कापूस घेऊन बघितला. तो हलका. "एकीकडं वजन, एकीकडं कापूस. घोडं तिरकं चालंल," ती म्हणाली. मग तिनं पातळ कापडाची पिशवी करून तिच्यात मोहरी भरली. मोहरीला वजन असतं, ती अंगासारखी सरकते, बसते. आणि खरंच, घातल्यावर काही म्हणजे काही कळत नव्हतं. आत्याबाई चार दिवस ती घालून घरात वावरल्या. पाचव्या दिवशी तर दारापर्यंत जाऊन भाजीवालीशी भांडून आल्या. आम्ही सगळे खूश.

मग उन्हाळा म्हणून, घाम म्हणून, आत्याबाईंनी ती धुतली. धुऊन, त्यांच्या रीतीप्रमाणे, चुलीमागे घडी घातलेल्या लुगड्याखाली ठेवली. वाळली नाही म्हणून आणखी एक दिवस ठेवली. मग आणखी एक. तिसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरातून हाक आली, "सूनबाई."

मी धावले. आत्याबाई बॉडी हातात धरून उभ्या होत्या. डाव्या बाजूला कापडातून शेकडो पांढरे कोंब बाहेर आले होते. काहींना वर चक्क दोन-दोन पिवळी पानं.

आता ही चुलीत जाणार, लग्न बोंबलणार, सगळं संपलं. आम्ही दोघी त्या कोंबांकडे बघत राहिलो. आणि आत्याबाईंच्या खांद्यांना हिसका बसला. मला वाटलं रडतायत. त्या हसत होत्या. भिंतीला धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, वकीलीणबाईंना हसल्या होत्या तशा हसत होत्या. "अगं, मोड आलं मला," त्या म्हणाल्या. "बघ की, मोड आलं." शेजारची बाई काय झालं म्हणून खिडकीत येऊन उभी राहिली.

चाची आली, तिनं बॉडी हातात घेऊन बघितली आणि कपाळावर हात मारला. "चुकी माझी. धुऊ नगा म्हणून सांगायचं ऱ्हायलं. खोगीर कोन धुतंय? डोक्यातच आलं न्हाय माझ्या."

"आता उसळ करू का ह्याची?" आत्याबाईंनी विचारलं.

"उन्हात वाळवली असती तर..."

"तू मला शिकवू नगंस," आत्याबाई म्हणाल्या. पण आवाज आला तो पाच घरांपलीकडे जाणारा.

लग्नाला आता वीस दिवस होते. चाची घरी गेली आणि चार दिवस दिसली नाही. मी चौकशीला गेले तर उस्मानचाचा पायरीवर बसलेले. "आत मिरच्या न्हाईत," ते म्हणाले. "तरीबी जाऊ नगंस." त्यांचा चेहरा जरा उतरलेला वाटला. विचारायचं धाडस झालं नाही.

पाचव्या दिवशी ती नवी बॉडी घेऊन आली. डावी बाजू दाबली की आत जायची आणि हात काढला की हळूच परत वर यायची. वजनाला खाली मासे धरायच्या जाळ्याच्या शिशाच्या गोळ्या शिवल्या होत्या. पण वर काय भरलं होतं ते कळेना.

"काय आहे हे, चाची?"

"माल हाय. धुतलं तर चालतंय, लगेच वाळतंय, मोड येत न्हाईत. आनि काय पायजे?"

आत्याबाईंनी नाकाशी धरली. "कसला तरी वास येतोय गं. कातड्याचा का तेलाचा."

"लगीनघर हाय. अत्तर लावा," चाची म्हणाली आणि उखळ मध्ये ओढलं.

त्यानंतर ती रोज येऊ लागली. रोज फिटिंग. पहिल्या दिवशी डाव्या हातानं चार घाव झाले आणि आत्याबाईंच्या काखेत कळ आली. चाची काखेकडे बघत राहिली. "उद्या पाच," म्हणाली. अंगणातली तार तिनं आत्याबाईंच्या खांद्याइतकी खाली बांधली आणि रोज दोन बोटं वर सरकवत गेली. बॉडी नीट बसत नाही, तारेला हात लावल्याशिवाय कळणार नाही, हेच तिचं पालुपद. लग्नाच्या आदल्या आठवड्यात आत्याबाईंनी ओलं नऊवारी लुगडं दोन्ही हातांनी उंच तारेवर टाकलं, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बॉडी पहिल्या दिवसापासून नीटच बसलेली होती.

लग्नघराची सगळी चटणी आत्याबाईंनी कांडली. शेवटी मोजायला बसलो तर चाचीनं त्यात आपल्याही दोन शेर मिरच्या घालून ठेवलेल्या निघाल्या. ती आपली बरणी भरून घेऊन निघाली. आत्याबाई म्हणाल्या, "बघितलंस? मी म्हणत न्हवतो?"

"आता शेवटचं ऱ्हायलं," चाची बरणी खाली ठेवून म्हणाली. "मला भेटा. विहीण समजून."

आत्याबाई जागच्या हलेनात. शेजारी राहून त्यांनी चाचीला कधी हळदीकुंकवालासुद्धा घरात बोलावलं नव्हतं, ती यायची ती मंडळाच्या कार्यक्रमाला. मग त्या दोन पावलं पुढे आल्या आणि त्यांनी तिला मिठी मारली. चाची त्यांच्या खांद्याइतकीच होती. फिटिंगला लागतो त्यापेक्षा त्या मिठीला बराच जास्त वेळ लागला. शेवटी चाचीचा दबलेला आवाज आला, "कुठली कुठली, मलाच कळंना." आत्याबाईंचे डोळे भरले होते. माझेही.

व्याहीभेटीला विहीणबाई आल्या त्या चांगल्या भरभक्कम होत्या. त्यांनी आत्याबाईंना कडकडून मिठी मारली. आत्याबाई ताठ उभ्या राहिल्या, मग त्यांनी दोन्ही हात, डावासुद्धा, वर करून विहिणीच्या गळ्यात टाकले. बोहल्याशेजारी शालू रडायला लागली. लोकांना वाटलं सासरी जायचंय म्हणून रडतेय. चाची माझ्या मागेच उभी होती. ती आत्याबाईंकडे बघतच नव्हती. "विहीणबाईंची उजवी पट्टी सैल हाय," ती माझ्या कानात म्हणाली. "माझा पत्ता दे त्यास्नी."

पुढे आठ वर्षं आत्याबाई जगल्या, खणखणीत जगल्या आणि झोपेतच गेल्या. आठ वर्षांत दोघींची जानी दोस्ती झाली असं काही नाही. चाची लबाड आहे हे मत आत्याबाईंनी शेवटपर्यंत सोडलं नाही, फक्त ते त्या आता तिच्या तोंडावर आणि चहा देता देता सांगायच्या. ती बॉडीही शेवटपर्यंत चुलीमागेच वाळली. तेरावं झाल्यावर त्यांची ट्रंक आवरताना ती मला जुन्या लुगड्याच्या घडीत गुंडाळलेली सापडली. टाकवेना. जाळवेना. मी ती पिशवीत घातली आणि चाचीकडे गेले.

पायरी रिकामी होती. उस्मानचाचा दोन वर्षांपूर्वी गेले, टांगा त्याआधीच विकला होता. चाची आत बसली होती. तोंडात टाचण्या नव्हत्या, समोरचे दातही नव्हते, आणि नजर अधू झाल्यामुळे शिवण बंद होती. मी बॉडी तिच्या हातात दिली. तिनं बोटांनी चाचपली, दाबली, सोडली. लगेच ओळखलं. मग तिनं मान वर करून भिंतीकडे बघितलं. मीही बघितलं.

वडिलांच्या खोगिरावर गेली कित्येक वर्षं एक जुनी चादर टाकलेली असायची. मला वाटायचं धुळीसाठी. त्या दिवशी शुक्रवार होता, पुसायला म्हणून चादर काढलेली होती. खोगिराची उजवी बाजू टच्च फुगलेली होती. डावी चपटी, रिकामी, कातडं नुसतं लोंबत होतं. कडेनं बारीक, जरा तिरक्या टाक्यांनी ते परत शिवून टाकलं होतं.

"चाची," मी म्हणाले.

"घोड्याच्या शेपटीचं केस हायत त्यात. असलं आता कुठं मिळतंय."

"वडिलांचं होतं ना ते. आत्याबाईंना कधी सांगितलं का नाहीत?"

"सांगिटलं असतं तर तुझ्या सासूनं अंगाला लावून घेतलं असतं व्हय?" ती हसली. मग बॉडीवरून हात फिरवत राहिली. "माझ्या बापाचं खोगीर कुनाच्या अंगावर चढायचंच ऱ्हाऊन गेलंतं गं. चढलं. आठ वर्सं चाललं. आनि कुठं लागलं न्हाय."

मला रडू आवरेना. आत्याबाई गेल्या तेव्हाही मी इतकी रडले नव्हते. चाचीनं मला थोडा वेळ रडू दिलं. "बास आता," ती म्हणाली. "तिथं मिरच्या हायत." मी उठले आणि कांडायला बसले. अंगात नवी बॉडी नव्हती, फिटिंग नव्हतं, निव्वळ घरकाम होतं.

निघताना मी विचारलं, "हे परत त्यात भरायचं का?"

"बगू. आधी ऊन दावायला पायजे. कुबट वास मारतोय."

गल्लीच्या कोपऱ्यावर जाऊन मी मागे वळून बघितलं. पुढच्या अंगणात चाची टाचा उंचावून आत्याबाईंची बॉडी तारेवर घालत होती, रस्त्यासमोर, बरोब्बर मधोमध, वर लुगडं नाही की टॉवेल नाही. एक सायकलवाला बघत बघत हळू झाला. चाची त्याला काहीतरी म्हणाली. काय ते मला ऐकू आलं नाही, पण त्यानं मान खाली घालून जोरात पायडल मारलं. मग ती उस्मानचाचांच्या पायरीवर जाऊन बसली, तारेकडे पाठ करून, राखण करत.